आजीची जास्वंद, आजोबांचा घेवडा: गेलेल्या माणसांची झाडं पुढे कशी न्यावीत

माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्या वस्तूंची विचारपूस होते. कपाटाच्या किल्ल्या, कागदपत्रं, चष्मा, घड्याळ. कुंड्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि उन्हाच्या दिवसांत कुंडीतली माती दोन-तीन दिवसांत कोरडीठाक होते. म्हणून पहिलं काम एवढंच: त्यांच्या झाडांना पाणी घाला. घरातल्या एखाद्यावर ती जबाबदारी नाव घेऊन सोपवा. बाकीचं सगळं नंतर केलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट मी चुकून शिकले. आजी गेली त्याच आठवड्यात तिची जास्वंद मी माझ्या घरी आणली. चांगल्या मातीत राहू दे म्हणून त्याच दिवशी मोठ्या कुंडीत लावली, वर वेड्यावाकड्या वाढलेल्या फांद्याही छाटल्या. जागा बदलली, ऊन बदललं, मुळं दुखावली, पानं गेली, आणि हे सगळं एका दिवसात. पंधरा दिवसांत झाड वाळलं. आजी दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं मला, आणि या वेळी माझ्या हातून.

तेव्हा झाड हलवायचंच असेल तर नुसतं हलवा. आधी जितकं ऊन मिळायचं तितकंच मिळेल अशी जागा बघा. महिनाभर तरी कुंडी बदलू नका, खत घालू नका, छाटणी करू नका. नवी पालवी फुटायला लागली की झाड रुळलं असं समजा आणि मग काय ते करा. जमिनीत लावलेलं जुनं झाड उपटून नेण्याच्या नादी तर लागूच नये. घर रिकामं करायची तारीख ठरली असेल, तर त्या झाडाच्या फांद्या, कंद, बिया यांतलं जे मिळेल ते न्या. ते कसं, तेच पुढे सांगते.

तेच झाड हवं, की त्याचा वंश?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण पुढची सगळी रीत यावर ठरते.

फांदी लावून, गुटी बांधून (म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून), कलम करून किंवा कंद फोडून केलेलं रोप म्हणजे तेच झाड. त्याचं अपत्य नव्हे, तेच. आजीने ज्या फुलांना हात लावला त्याच झाडाचा जिवंत तुकडा तुमच्या कुंडीत वाढत असतो. श्रीलंकेत अनुराधापूरला एक पिंपळ आहे. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणून तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावला, असं तिथल्या इतिवृत्तांत नोंदलेलं आहे. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत तो सर्वांत जुना मानला जातो. फांदीची पोच किती लांबवर असते, ते यावरून कळावं.

बियांचं तसं नसतं. बी म्हणजे वंश, दर पिढीत नवा जीव. तो आईबापासारखा निघेल का, हे वाणावर अवलंबून असतं. वर्षानुवर्षं घरीच बी धरून लावलेले सरळ वाण पुढच्या वर्षीही तसेच येतात. बाजारातून आणलेलं संकरित बियाणं असेल, पाकिटावर ‘एफ१’ लिहिलेलं असेल, तर त्याच्या बिया धरून लावल्यावर रंग, आकार, चव सगळं पांगतं. वडिलांचे टोमॅटो संकरित होते असं कळलं तर हताश होऊ नका. त्याच नावाचं बियाणं अजून मिळत असेल तर दर वर्षी नवं आणून लावा.

घरातल्या एका माणसाच्या बियांतून किती मोठं काम उभं राहू शकतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. डायेन ऑट व्हीली यांना त्यांच्या आजोबांनी एका जांभळ्या मॉर्निंग ग्लोरीचं, म्हणजे एका फुलवेलीचं, आणि एका गुलाबी टोमॅटोचं बी दिलं होतं. ते घराणं मूळचं बव्हेरियाचं, आणि ही बियाणीही तिथूनच आलेली. आजोबांच्या माघारी ती जपायची जबाबदारी आपल्यावर आहे, या जाणिवेतून डायेन आणि केंट व्हीली यांनी १९७५ मध्ये जुन्या वाणांच्या देवाणघेवाणीचं एक जाळं सुरू केलं. तेच पुढे ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ झालं. ती जांभळी वेल आजही ‘ग्रँडपा ऑट’ याच नावाने लावली जाते.

कुठल्या झाडाला कुठली रीत?

जास्वंद, मोगरा, जाई, कण्हेर, बोगनवेल, डाळिंब ही फांदीवर भागतात. कण्हेरीचा चीक विषारी असतो, तेवढे हातमोजे घाला. चाफ्याची फांदी कापल्यावर आठवडाभर सावलीत कोरडी पडू द्यायची. कापलेल्या जागी चीक सुकून खपली धरली की मगच लावायची, नाहीतर बूड कुजतं. लिंबू, पेरू, लिची यांना गुटी बरी. आंब्याच्या जुन्या झाडाला कलमच हवं आणि त्याला सराईत हात लागतो. रोपवाटिकेतल्या माणसाला झाडापाशी घेऊन जा, किंवा काडी कधी आणि कशी कापून आणायची ते त्याला आधीच विचारून ठेवा. निशिगंध, लिली, कर्दळ यांचे कंद किंवा गड्डे वेगळे करायचे. कोरफडीची पिल्लं बुडाशी आयतीच असतात. झेंडू, तुळस, घेवडा, भोपळा, टोमॅटो यांचं बी धरा.

गुलाबाबद्दल जरा थांबून सांगते. बरेचसे गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, चांगल्या गुलाबाचा डोळा भरून केलेले असतात. बुडाशी जिथे गाठ दिसते, तिच्या वरची फांदीच आजीच्या गुलाबाची. गाठीच्या खालून जोमाने आलेला सरळसोट फोक खुंटाचा असतो, आणि हौसेने लावायला नेमका तोच हाताशी येतो. फूल आलेलं पाहूनच फांदी निवडली तर ही फसगत टळते.

फांदी लावण्याची रीत

फांदी सकाळी कापा, त्या वेळी तिच्यात पाणी भरलेलं असतं. अगदी कोवळी लुसलुशीत नको आणि जुनी कठीण लाकूड झालेलीही नको. यंदाची वाढ, पण साल थोडी घट्ट झालेली, अशी मधली फांदी बघा. जास्वंदीला साधारण पेन्सिलीएवढी जाडी, मोगऱ्याला त्याहून बारीक चालते. पानांवर पिवळे चट्टे, मुरड किंवा कीड दिसली तर ती फांदी सोडून द्या, रोगही सोबत येतो. प्रवास असेल तर ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी उन्हात ठेवू नका. एक दिवस ती सहज टिकते.

मग १२ ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करा. प्रत्येकावर तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेराच्या अगदी खाली आणि तिरका घ्या, कारण मुळं बहुधा पेराजवळूनच फुटतात. वरचा काप पेराच्या थोडा वर, आडवा. दोन्ही टोकांचे काप वेगळे ठेवण्याचा दुसराही उपयोग आहे: उलटी लावलेली फांदी लागत नाही, आणि दहा-बारा काड्या हातात असल्या की वर-खाली विसरायला होतं. कात्री धारदार आणि स्पिरिटने पुसलेली असू द्या.

कळ्या आणि फुलं काढून टाका. आजीच्या झाडाची कळी खुडवत नाही, हे मला माहीत आहे, पण ती काडीतला साठा खाऊन टाकते. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा, मोठी असतील तर निम्मी कापा. खालचं टोक रूटिंग हार्मोनच्या, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या, भुकटीत बुडवून जास्तीची भुकटी झटका. भुकटी नसली तरी जास्वंद लागते, फक्त वेळ जास्त घेते.

लावण्यासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि धुतलेली जाडी वाळू निम्मी-निम्मी घ्या. यात खत अजिबात नको. मुळं नसलेल्या काडीला खताचा काहीच उपयोग नाही, उलट बूड सडतं. आधी दुसऱ्या काटकीने भोक पाडा म्हणजे भुकटी घासून निघणार नाही. दोन पेरं आत जातील एवढी काडी खोचा, भोवतालचं मिश्रण बोटांनी दाबा, पाणी द्या. वरून पारदर्शक पिशवी किंवा बूड कापलेली बाटली उपडी घाला. कुंडी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नाही. दोन-तीन दिवसांनी झाकण काढून थोडी हवा द्या.

यानंतरचे चार ते आठ आठवडे सगळ्यात कठीण. नवं पान फुटलं की वाटतं लागलं! पण काडीतल्या साठ्यावरही पानं फुटतात. काडी उपसून बघायचा मोह आवरा, नुकती फुटलेली मुळं तशाने तुटतात. अगदी हलकेच ओढून बघा. अडकल्यासारखी वाटली तर खाली मुळं आहेत. काडी वाळल्यासारखी दिसली तर नखाने साल किंचित खरवडा. आत तपकिरी आणि कोरडं असेल तर गेली. पातळसा हिरवा ओला थर दिसला तर ती जिवंत आहे, थांबा. माझ्या आठ काड्यांपैकी चाळिसाव्या दिवशी पाच काळ्या पडल्या होत्या. सहावीची साल मी श्वास रोखून खरवडली, आणि नखाखाली ते पोपटी ओलेपण दिसलं तेव्हा तिथेच फरशीवर बसून रडले. सातवी आणि आठवीही हिरवी निघाली.

म्हणून एक रोप हवं असेल तर दहा-बारा काड्या लावा. मुळं धरली की झाकण एकदम काढू नका. आठवडाभर रोज थोडा थोडा जास्त वेळ उघडं ठेवा आणि मगच मातीच्या कुंडीत हलवा.

गुटी: घाई नसेल तेव्हा

मूळ झाड अजून काही महिने जागेवर राहणार असेल तर गुटी मला फांदीपेक्षा भरवशाची वाटते, कारण मुळं फुटेपर्यंत फांदीला आईचं पाणी मिळत राहतं. एक-दोन वर्षांची निरोगी फांदी निवडा. शेंड्यापासून ३० ते ४५ सेंटिमीटर खाली, सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा. सालीखालचा बुळबुळीत थर पुसून खरवडणं महत्त्वाचं, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. जखमेच्या वरच्या कडेला हार्मोन लावा. ओलं करून घट्ट पिळलेलं शेवाळ मूठभर घेऊन भोवती बांधा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं आवळा. ऊन लागत असेल तर वरून फॉइल. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, काही झाडांना याहूनही जास्त वेळ लागतो. मुळं भरपूर झाली की गुटीच्या खाली कापा. प्लास्टिक काढा पण शेवाळाला हात लावू नका, निम्मी पानं कमी करा आणि रोप तीन-चार आठवडे सावलीत ठेवा.

जुन्या डब्यातलं बी

आजोबांच्या कपाटात मला एक चपटा डबा सापडला. आत कॅलेंडरच्या पानाची पुडी, तिच्यावर पेन्सिलने त्यांच्या तिरप्या अक्षरात ‘घेवडा, तांबडा ठिपका’, आणि पुडीत तेवीस दाणे. वर्ष लिहिलेलं नव्हतं.

अशी पुडी सापडली तर सगळं बी एकदम पेरू नका. एक पाऊस, एक गोगलगाय, एक विसरलेला दिवस, आणि सगळं संपतं. आधी पाच-सहा दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून उबदार जागी ठेवा आणि रोज बघा. ताज्या घेवड्याला आठवडाभरात मोड येतात, जुन्याला जास्त दिवस द्या. मॉर्निंग ग्लोरीसारख्या कडक कवचाच्या बियांना कानशीने बारीकशी चीर पाडून रात्रभर पाण्यात ठेवलं की पाणी आत शिरतं. मोड आलेला दाणा फेकायचा नसतो, तो अलगद कुंडीत लावा. माझ्या सहांपैकी दोन उगवले. उरलेल्या सतरांतले निम्मे दुसऱ्या हंगामात लावले आणि बाकीचे पुडीतच ठेवले. त्या दोन वेलींवरच्या पहिल्या शेंगांतली मी एकही तोडली नाही, सगळ्या बियांसाठी वाळू दिल्या.

बी धरताना परागीभवनाचा विचार करावा लागतो. घेवडा, वाटाणा, टोमॅटो बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतात. दुसऱ्या वाणापासून काही मीटर लांब लावले तरी घरच्यापुरते शुद्ध राहतात, आणि थोडी झाडं असली तरी चालतात. तांबडा भोपळा, काकडी यांच्यावर मधमाश्या दूरदूरचे पराग आणतात. तिथे हाताने परागीभवन करा: उद्या उमलेल अशी नर आणि मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा, सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलाला लावा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. देठाला खुणेची लोकर बांधून ते फळ राखून ठेवा. मक्याचे पराग वाऱ्यावर जातात, शिवाय थोड्याच ताटांचं बी धरत राहिलं तर वाण काही पिढ्यांत खुरटत जातो. अंगणभर जागेत मका जपायचा अट्टहास करू नये, शेत असलेल्या नातेवाइकाला विनंती करावी.

सर्वांत चांगल्या झाडाच्या सर्वांत चांगल्या फळाचं बी धरा. घेवड्याच्या शेंगा वेलीवरच वाळून खुळखुळ वाजू द्या. टोमॅटो पूर्ण पिकल्यावर गर आणि बी एका भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबू द्या, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग पाणी ओतून चोळून धुवा, तळाशी बसलेलं बी ठेवा, तरंगणारं टाका. वाळवायचं ते सावलीत, वाऱ्यावर, ताटलीवर पसरून. कागदावर पसरलं तर चिकटून बसतं.

साठवणीत दोन शत्रू, ओल आणि उष्णता. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं तरी तेवढंच, असा एक ढोबळ नियम आहे. घेवड्याचा दाणा नखाने दबत नसेल आणि हातोडीने फुटत असेल तर तो वाळला. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, जागा असेल तर फ्रिजमध्ये. दाण्यांत भुंगे व्हायची भीती असेल तर पूर्ण वाळलेलं बी बरणीसकट आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून काढा. फ्रिजमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ थेट बियांवर बसते. कांद्याचं बी एक-दोन वर्षंच टिकतं, घेवड्याचं तीन-चार, टोमॅटोचं त्याहूनही जास्त. पण दर दोन-तीन वर्षांनी पेरून ताजं करत राहणं हे उत्तम.

गोष्टही लिहून ठेवा

रोपासोबत त्याची कहाणी गेली नाही तर पुढच्या पिढीत ती नुसती एक जास्वंद उरते. घरातल्या थोरल्यांना आत्ताच विचारा: हे झाड कुणी दिलं होतं? कधी लावलं? आजी त्याला काय नावाने हाक मारायची? किती पाणी घालायची? आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या आत्याने सांगितलं, की आजोबा शेंगा तोडताना सगळ्यात खालची जोडी कायम सोडायचे, बियांसाठी. हे कुठल्याही पुडीवर लिहिलेलं नव्हतं.

कुंडीतली पट्टी पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं राहते. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर बॉलपेनने दाबून लिहिलं तर अक्षर कोरलंच जातं. पट्टी हरवते, म्हणून तेच एका वहीतही लिहा.

रक्षेबद्दलही विचारलं जातं. रक्षा थेट रोपाच्या मुळाशी घालू नका. ती अतिशय अल्कधर्मी असते आणि तिच्यात क्षार भरपूर असतात, कोवळी मुळं जळतात. घालायचीच असेल तर अगदी चिमूटभर, भरपूर माती आणि कंपोस्टमध्ये मिसळून काही महिने ठेवून मगच.

झाड उरलंच नसेल तर

बागा करणारी माणसं वाटणारी असतात. फोन फिरवा. शेजारी, जुन्या मैत्रिणी, पाहुणे, ‘तुमच्याकडे आमच्या आजीने दिलेलं काही आहे का?’ एवढंच विचारा. आजीची जास्वंद मी घालवल्यानंतर तीन वर्षांनी मी असे फोन केले. सातवा फोन तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला. ‘ती दुहेरी केशरी का? माझ्या दारात आहे की. तिनेच काडी दिली होती, तुझी आई लहान असताना.’ ती माझी आठ काड्यांची जास्वंद.

आणि म्हणूनच आता मी एकाच कुंडीवर जीव टांगत नाही. रोप तयार झालं की किमान तीन घरांत जायला हवं: एक स्वतःकडे, एक नात्यात, एक अगदी वेगळ्या हवा-पाण्याच्या जागी. बी असेल तर निम्मं दुसऱ्या घरी. घेणाऱ्यावर ओझं टाकू नका. ‘हे मेलं तर मला सांगा, मी दुसरं देईन’ असं आधीच म्हणा, म्हणजे तो अपराध्यासारखा गप्प बसणार नाही.

माझ्या तीन काड्यांपैकी एक माझ्या गच्चीत आहे, दुसरी बहिणीकडे. तिसरी मी आजीच्या मैत्रिणीकडेच परत नेली, कारण तिच्या दारातलं जुनं झाड एव्हाना पोखरलं होतं. पट्टीवर आजीचं नाव, तिचं नाव आणि माझं नाव लिहिलं होतं. तिने चष्मा लावून ते वाचलं, मग पेन्सिल मागितली आणि खाली नातवाचं नाव घातलं.